मालमोटारीची एका दिवसाची मजल

रिहे (तालुका मुळशी, जिल्हा पुणे) या गावातून शेतमाल बाहेर पाठविताना शेतकरी मोटारमालकास बहुधा दोन प्रश्न विचारतो : भाडे किती पडेल आणि माल केव्हा पोहोचेल. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ घासाघीस होते. दुसऱ्या प्रश्नाची बोळवण मात्र ‘सकाळपर्यंत पोहोचेल’ एवढ्या उत्तरावर होते. हे उत्तर कोणत्या हिशेबाने दिले, याचा विचार देणाराही करीत नाही व घेणाराही करीत नाही. भाताची पोती एक दिवस उशिरा पोहोचली तर फारसे बिघडत नाही. मेथी, कोथिंबीर किंवा फुले यांचा माल बाजार उठल्यावर आला तर मात्र तो मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. हा तोटा टाळण्यासाठी चालकास रात्रभर जागवून गाडी पिटाळली जाते, आणि त्यात माल, गाडी व माणूस ही तिन्ही धोक्यात येतात.

बैलगाडीच्या काळी हा हिशेब सर्वांस ठाऊक होता. ‘मजल’ या शब्दाचा अर्थच मुळी एका दिवसाची वाटचाल असा आहे. भरलेली गाडी ओढून बैल सात-आठ कोस चालले की त्यांना सोडावे, वैरणपाणी करावे, हे गाडीवानास कोणी शिकवावे लागत नसे. थकलेला बैल बसकण मारतो. मोटार बसत नाही, म्हणून तिला मजल नसते असा समज होऊन बसला आहे. परंतु ती चालविणारा माणूस थकतोच, आणि मोटारीची मजल त्याच्या ताकदीवरून ठरवावी लागते.

सर्वसाधारण चूक अशी होते की, रस्त्यावरील कमाल वेगाला तासांनी गुणून अंतर काढले जाते. केंद्र शासनाने २०१८ साली मालवाहू वाहनांसाठी जी कमाल वेगमर्यादा ठरविली, ती द्रुतगती मार्गावर व दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आणि अन्य रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर अशी आहे. ८० ला दहाने गुणले की ८०० किलोमीटर होतात. पण ८० ही ओलांडू नये अशी सीमा आहे. तो सरासरी वेग नव्हे. चढ, गावे, टोलनाके, डिझेल, जेवण आणि चाकांची तपासणी हे सर्व धरले असता चांगल्या चौपदरी रस्त्यावरही भरलेल्या मालमोटारीची सरासरी ताशी ४५ ते ५० किलोमीटर धरणे शहाणपणाचे ठरते. दुपदरी व घाटाच्या रस्त्यावर ती ३० ते ३५ वर येते. एकटा चालक दिवसात सात-आठ तास प्रत्यक्ष गाडी चालविणार असे मानले, तर चांगल्या रस्त्यावर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि साध्या रस्त्यावर सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर ही त्याची खरी मजल होय.

जवळच्या बाजारपेठेचा प्रवासही वाटतो तितका लहान नसतो. रिहे गावापासून वाशीचा बाजार सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे; कागदावर हे काम तीन तासांचे दिसते. समजा, गाडी दुपारी चार वाजता गावात आली. तीन शेतकऱ्यांचा माल तीन ठिकाणी आहे. एकाची तोडणी संपलेली नाही, दुसऱ्याच्या शेतापर्यंत पावसाळ्यात गाडी जात नाही, म्हणून क्रेट डोक्यावरून आणावे लागतात. गाडी भरून दोर आवळेपर्यंत साडेसहा वाजतात. तेथून घोटवडे, माण, हिंजवडी असे निघावे, तर तीच वेळ हिंजवडीतील कचेऱ्या सुटण्याची. द्रुतगती मार्ग गाठेपर्यंत रात्रीचे आठ-साडेआठ होतात. पुढे बोरघाट उतरताना भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये सावकाश न्यावी लागते. वाशीला पोहोचून, रांगेत थांबून माल उतरेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. चालकाने गाडी जेमतेम पाच-सहा तास चालविली, पण तो कामावर मात्र दहा तास आहे. आणि रिकामे क्रेट घेऊन त्याने लगेच परतावे अशी सर्वांची अपेक्षा असते. तो त्या दिवशी सकाळीच दुसरी खेप करून आलेला असेल, तर परतीच्या वाटेवर पहाटे तीन-चार वाजता त्याच्या डोळ्यांवर झापड येणे अटळ आहे.

त्या वेळी काय घडते हे आकड्यांत पाहावे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला की ती सुमारे ९० मीटर कोणाच्याही ताब्यात नसते. ऑस्ट्रेलियात झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात शेकडा ०.०५ मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या देशात वाहनचालकासाठी मद्याची कायदेशीर सीमा शेकडा ०.०३ आहे. दारू प्यालेल्या चालकाच्या हाती माल देण्यास कोणीही शेतकरी धजणार नाही. परंतु सकाळी सहापासून जागा असलेल्या चालकास तो रात्री अकरा वाजता चहा पाजून पुढे धाडतो.

कायद्याने या बाबीकडे फार पूर्वी लक्ष दिले. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ अन्वये दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची सुटका, असे सर्वसाधारण नियम ठरले होते. लांब पल्ल्यासाठी काही सवलत होती. गाडीविषयी व मालाविषयी करावे लागणारे इतर कामही कामाच्या तासांत धरले जाई. तो अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला, आणि दिवसाच्या आठ तासांची मर्यादा त्या संहितेतही आहे. अडचण अशी की, ज्या मालकाची एकच गाडी व एकच चालक, किंबहुना मालक हाच चालक, तेथे हे तास मोजणारा कोणी नसतो. युरोपीय संघाच्या देशांत गाडीतील यंत्रच चालकाचे तास नोंदविते. तेथे दिवसाला सामान्यतः नऊ तास गाडी चालविता येते व साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते.

कर वसुलीच्या नियमांतही याच स्वरूपाचा एक हिशेब आढळतो. वस्तू व सेवा कराच्या ई-वे बिलाची मुदत २०१८ साली दर १०० किलोमीटरला एक दिवस अशी होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी झाली. ताज्या भाजीपाल्यास हे बिल लागत नाही. तथापि सर्व अडचणी धरून मालमोटारीने दिवसाला निदान किती जावे याचा हा सावध अंदाज समजण्यास हरकत नाही.

दूरच्या बाजारासाठी हाच हिशेब पुढे न्यावा. पुणे ते बंगळूर अंतर सुमारे ८४० किलोमीटर आहे. एकट्या चालकाची ही तीन दिवसांची वाट होय. दोन चालक आलटून पालटून चालविणारे असतील तर माल दुसऱ्या दिवशी पोहोचू शकतो; मात्र दुसरा माणूस खरोखर परवानाधारक चालक आहे की केवळ क्लीनर आहे, हे पाहून घ्यावे. एका चालकाच्या भाड्यात दोन चालकांचा वेग मागणे हा व्यवहार नव्हे. नागपूरच्या बाबतीत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्याने वाट सोपी झाली आहे. पण सरळ व एकसुरी रस्त्यावर झोप अधिक लवकर येते, हेही ध्यानात असावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी शेतकऱ्यांची एक बैठक घेऊन पुढील व्यवस्था लावून द्यावी. माल डांबरी रस्त्यालगत एकाच ठिकाणी, सावलीत, गाडी येण्यापूर्वी जमा असावा. एवढ्यानेच दीड-दोन तास वाचतात, आणि ते रस्त्यावर वेग वाढवून कधीही वाचत नाहीत. गाडी चारऐवजी दोन वाजता बोलवावी, म्हणजे हिंजवडीची गर्दी टळेल. शहरांच्या हद्दीत अवजड वाहनांस कोणत्या वेळी मज्जाव आहे याची आदल्या दिवशी चौकशी करावी. कोथिंबिरीसारखा नाजूक माल पुण्याच्या गुलटेकडी बाजारास द्यावा व वाशीस टिकाऊ माल धाडावा, म्हणजे उशिराची धास्ती आपोआप कमी होते. परतीच्या खेपेची घाई चालकावर लादू नये. क्रेट दुपारपर्यंत आले तरी दुसऱ्या दिवशीच्या तोडणीस ते पुरेसे लवकर असतात. आणि दोर आवळण्यापूर्वी भाड्याबरोबर आणखी एक प्रश्न चालकास अवश्य विचारावा : शेवटची झोप केव्हा झाली? उत्तर समाधानकारक नसेल तर गाडी गावातच तीन-चार तास उभी ठेवून त्यास निजू द्यावे, आणि माल ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावा.