मुलगी म्हणते, पियानोच करायचाय

दहावीला टक्के उत्तम पडलेत, सायन्सला प्रवेश सहज मिळेल, आणि मुलगी म्हणते, मला पियानोच करायचाय. एखादा मुलगा त्याच्याही पुढे जातो. त्याला ऑर्केस्ट्राचा कंडक्टर व्हायचं असतं. आईवडिलांचा पहिला प्रश्न एकच असतो, यात पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारण्यात संकोच नको. पोट भरतं. मात्र नुसत्या मैफलींवर ते फार थोड्यांचं भरतं. बाकीचे शिकवतात, गायकांना आणि व्हायोलिनवाल्यांना साथ करतात, ऑपेरा थिएटरात नोकरी करतात. हे आधीच ठाऊक असेल तर पुढच्या दहा वर्षांची आखणी निराळी होते.

आपल्याकडे अशा वेळी कंडक्टर झुबिन मेहतांचं नाव निघतंच. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक. तरीही मुलगा मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये डॉक्टरकीच्या वाटेला लागला होता. ती सोडून 1954 साली, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकत असताना ते डबल बास वाजवत होते. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहता याव्यात म्हणून ते आणि त्यांचे सहाध्यायी क्लाउदिओ अब्बादो चक्क कोरसमध्ये गायला उभे राहिले. लिव्हरपूलची कंडक्टिंगची स्पर्धा जिंकली ती 1958 साली. हातात बॅटन येण्याआधी ऑर्केस्ट्रा आतून पाहिलेला असावा लागतो.

या दोन वाटांचं वय वेगळं असतं, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. पियानिस्टची बोटं लहानपणीच तयार व्हावी लागतात. डॅनिएल बारेनबॉइमचा पहिला जाहीर कार्यक्रम 1950 साली ब्युनोस आयर्समध्ये झाला, तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईवडील दोघेही पियानोचे शिक्षक. तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पियानोला बसलेल्या मुलाला कॉन्सर्ट पियानिस्टचं स्वप्न दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिक्षक, संगतकार, संगीतकार व्हायला मात्र त्याला काहीच आडकाठी नाही. कंडक्टर उशिरा पिकतो. पण त्यालाही पियानो चांगला यावा लागतो, कारण ऑर्केस्ट्रा रोज सरावाला मिळत नाही. पियानो घरात असतो.

कंडक्टर करतो काय, हे एका उदाहरणावरून कळेल. बीथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात सगळ्यांच्या कानावरून गेलेली असते. त्या पानावर पहिली खूण स्वराची नाहीच, विरामाची आहे. बॅटन खाली येतो तो शांततेवर आणि तीन स्वर त्यानंतर उसळतात. हात जरा डळमळला की तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकत्र सुटत नाहीत. शिवाय तिथे क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर 'सी' लिहिलेला असला की ऐकू येतो 'बी फ्लॅट'. असं डझनभर ओळींचं पान एका नजरेत वाचून मनात ऐकायचं आणि पियानोवर वाजवूनही दाखवायचं. कंडक्टिंगच्या प्रवेश परीक्षेत हेच तपासतात.

आता ग्रेडच्या परीक्षांबद्दल. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने पास झाली की घरात पेढे वाटले जातात. वाटावेत, मेहनत असतेच. पण त्या परीक्षेला तीन-चार रचना लागतात आणि मुलं वर्षभर त्याच घोटतात. युरोपातल्या संगीत विद्यापीठाच्या ऑडिशनला बाखचं प्रिल्यूड आणि फ्यूग, हायडन, मोझार्ट किंवा बीथोव्हेनचा सोनाटा, शोपँचा एखादा एट्यूड, शिवाय विसाव्या शतकातलं काही, असा कार्यक्रम बहुधा पाठ लागतो. परीक्षक मध्येच थांबवतात, भलतीकडून सुरू करायला सांगतात. जोडीला कानाची आणि थिअरीची परीक्षा असते. वर्षाला तीन रचना घोटलेल्या मुलाची इथे दमछाक होते.

खर्चाची भीती मात्र काही वेळा अनाठायी असते. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1500 युरो पडतात. राहण्याजेवण्याचा खर्च आपला आणि जर्मन भाषा आलीच पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात तिची सुरुवात नववी-दहावीतच करता येते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत 1928 पासून शिकवणी फी घेत नाहीत. जागा मात्र अगदी मोजक्या.

शिक्षणानंतरची सगळ्यात भरवशाची नोकरी आपल्याकडे कुणाला ठाऊकही नसते. ती आहे रेपेटिटरची. ऑपेरा थिएटरात गायकांच्या तालमी आठवडेच्या आठवडे चालतात आणि तेव्हा अख्ख्या ऑर्केस्ट्राचा भाग एक पियानिस्ट वाजवतो. गायक कुठे श्वास घेतो, कुठे मागे पडतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. कित्येक कंडक्टर याच खुर्चीतून वर आले. जॉर्ज शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात हेच काम करत होते. युद्धकाळात स्वित्झर्लंडमध्ये अडकले तेव्हा 1942 साली जिनिव्हाची पियानो स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि पुढे शिकागो सिम्फनी बावीस वर्षं सांभाळली. जर्मनीत नगरपालिका आणि राज्य सरकारांच्या पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं आजही डझनांनी आहेत.

भारतात चित्र तोकडं आहे. 2006 साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला, पण त्यात परदेशी वादकांचा भरणा मोठा आहे आणि पियानिस्टला ऑर्केस्ट्रात कायमची खुर्ची तशी नसतेच. शिकवणं, आंतरराष्ट्रीय शाळा आणि चित्रपटसंगीत, ही इथली कामं. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या वादकांनी हिंदी सिनेमाचा ऑर्केस्ट्रा उभा केला. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची अरेंजमेंट करणारे सेबास्टियन डिसूझा त्यांतलेच. नोटेशन सफाईने लिहिता-वाचता येणाऱ्याला तिथे आजही मान आहे.

तेव्हा पालकांनो, मुलीला शाळा सोडायला लावू नका आणि पियानोही बंद करायला लावू नका. कीबोर्डवर भागवत असाल तर निदान जड पट्ट्यांचा, 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. खरा घेतलात तर मुंबईच्या दमट हवेत त्याच्या ट्यूनिंगचा खर्च धरून चला. रोज एक न पाहिलेलं पान वाचायला लावा. गाणाऱ्या, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलांबरोबर साथीला बसवा. आणि नववीतच, जिथे जायचं मनात आहे त्या विद्यापीठाच्या ऑडिशनची यादी काढून शिक्षकांसमोर ठेवा आणि विचारा, चार वर्षांत हे बसेल का? ते 'नाही' म्हणाले तर त्यांचं ऐका. 'हो' म्हणाले तर रोजचे चार तास मोकळे करून द्या.