येरळवाडीच्या तलावावरचे पाहुणे

आमच्या खटाव तालुक्यात पाऊस कमी पडतो. तरी पण आमच्याकडे असे पाहुणे येतात की त्यांना बघायला लांबलांबून लोक येतात. ते पाहुणे म्हणजे रोहित पक्षी. त्यांनाच अग्निपंख म्हणतात आणि मोठी माणसे फ्लेमिंगो म्हणतात. वडूजच्या जवळ येरळा नदीवर येरळवाडीचे धरण आहे, तिथे ते उतरतात. मायणीच्या तलावावर पण पक्षी येतात, पण आम्हाला येरळवाडी चालत जाण्यासारखी आहे.

रंगपंचमीची सुट्टी होती. मी आणि माझा मित्र सकाळी लवकर निघालो. मित्राचे नाव मी लिहिणार नाही. तो चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला होता, आणि ते कुणाला कळू नये म्हणून त्याने मला शपथ घातली आहे. तो मूळचा भिलवडीचा, जिल्हा सांगली. तिकडे कृष्णा नदीत मगरी आहेत. म्हणून तो तलावावर गेल्या गेल्या आधी मगरच शोधायला लागला. मगर काही दिसली नाही. मग मी त्याला सांगितले, आपली येरळा पुढे सांगली जिल्ह्यात जाते आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे इथले पाणी तुझ्याच नदीला जाते. तेव्हा त्याला बरे वाटले.

गुरुजींनी आम्हाला शाळेची दुर्बीण दिली होती आणि सांगितले होते की भडक कपडे घालू नका, पक्षी बुजतात. मित्राने कपडे मातकट घातले होते पण तोंड सगळे गुलाबी होते. घरातून निघतानाच त्याला कुणीतरी रंग लावला होता. मी म्हणालो, रोहित पक्षी तुला आपलाच समजतील.

आता चैत्र जवळ आला की तलावाचे पाणी मागे सरते. पाणी कमी झाले की माझी आई काळजी करते, पण पक्ष्यांना तेच पाहिजे असते. पाणी मागे गेले की चिखल उघडा पडतो. चिखलात किडे, अळ्या, शिंपले असतात. उथळ पाण्यात उभे राहून खाता येते. तलाव काठोकाठ भरला तर रोहितचे एवढे लांब पाय पण पुरणार नाहीत.

पक्षी ओळखायला मला आधी अवघड वाटायचे. पण त्यांची नावे आपल्याच लोकांनी ठेवली आहेत, त्यामुळे ती ध्यानात राहतात. एका बदकाच्या चोचीचे टोक पिवळे असते आणि कपाळाजवळ लाल ठिपके असतात, त्याचे नाव हळदीकुंकू बदक. दुसरा एक काळा पक्षी असतो. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, म्हणून त्याला वारकरी म्हणतात. तो उडायच्या आधी पाण्यावरून फटफट धावतो. शेकाट्याचे पाय काडीसारखे आणि लाल असतात. चमच्याची चोच चपटी, तो ती पाण्यात डावीकडे उजवीकडे फिरवतो. टिबुकली बघता बघता बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. आम्ही पैज लावली होती ती कुठे निघेल त्याची. मी पाच वेळा हरलो.

पट्टेरी राजहंस दिसले नाहीत. ते लडाख, तिबेट, मंगोलिया इकडून हिवाळ्यात भारतात येतात आणि थंडी संपली की हिमालय ओलांडून परत जातात. आम्हाला उशीर झाला.

रोहित मात्र होते. मित्राने ३४ मोजले आणि मी ३७. ते सारखे हलतात. मग गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे दहा-दहाचे गट करून मोजले, तर ३६ आले. रोहितची चोच मधेच वाकडी असते. तो डोके उलटे करून पाण्यात घालतो. त्याच्या चोचीत गाळण्यासारखी चाळणी असते. जिभेने तो पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. पाणी जाते आणि बारीक जीव व शेवाळ आत राहते. त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्लू करड्या रंगाचे असते आणि त्याची चोच पण सरळ असते. गुजरातमध्ये कच्छच्या रणात रोहित चिखलाची उंच घरटी करतात आणि एकच अंडे घालतात.

उभा असताना रोहित पांढरट गुलाबी दिसतो. पंखांतला खरा लाल रंग उडाल्यावरच दिसतो, म्हणून तर अग्निपंख नाव पडले. आम्ही लई वेळ वाट बघितली. ते काही उडेनात. मग मी दगड मारला.

मित्राने मारला असे मी घरी सांगितले होते. ते खोटे आहे. मीच मारला.

दगड त्यांच्यापर्यंत गेला पण नाही, पण सगळे एकदम उडाले. आभाळात लाल लाल झाले. मला ते फार आवडले. पण ते परत बसले नाहीत, तलावाच्या पार पलीकडे गेले. तिकडे एक तात्या जाळे धुवत होते. ते तिथनंच ओरडले, "आरं पोरांनो, जेवत्या माणसाला ताटावरनं उठवता व्हय?" मी काहीच बोललो नाही. आजी पण मला जेवताना उठू देत नाही.

मला मात्र अजून एकदा उडलेले बघायचे होते. मी दुसरा दगड घ्यायला वाकलो, तर एक टिटवी डोक्यावर येऊन टिटिव टिटिव करत घिरट्या घालायला लागली. मी हात पुढे केला तेवढ्यात मित्र म्हणाला, "थांब, तो दगड न्हाई." खरेच ती अंडी होती. चार. मातकट रंगाची, वर काळे डाग, बाजूच्या खड्यांसारखीच. टिटवी घरटे बांधत नाही, खड्यांमध्येच अंडी घालते. माझे बोट वीतभर लांब होते. आम्ही हात न लावता मागे सरलो आणि मागे सरतानाच मित्र चिखलात गेला. (आता लिहिलेच.) बऱ्याच वेळाने टिटवी चालत चालत आली आणि अंड्यांवर बसली, तेव्हा आम्ही डबा खाल्ला.

आजी म्हणते, टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो. ही अंडी पाण्यापासून बरीच वर होती. ते ऐकून आजी खूश झाली. गुरुजी म्हणाले, तसे असेलच असे नाही, पण वहीत लिहून ठेव आणि पावसाळ्यात पडताळून बघ. मी लिहिले आहे. टिटवीची पिल्ले साधारण २८ दिवसांनी बाहेर येतात. अंडी कधी घातली ते आम्हाला माहीत नाही, म्हणून आम्ही दर रविवारी लांबूनच दुर्बिणीने बघणार आहोत. काल तिसरा रविवार झाला. टिटवी बसलेली होती.

– इयत्ता चौथी