पातळ किती दिवस द्यायचं?

"पातयच दे बाई, नरड्यात अटकन." घाटावर चिखली-मेहकर असो की घाटाखाली खामगाव-मलकापूर, बुलढाणा जिल्ह्यात सहा महिन्यांचं बाळ जेवायला लागलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग वरणाचं वरवरचं पाणी, भाताची पेज, दुधात विरघळवलेलं बिस्कीट सुरू होतं आणि वर्ष उलटलं तरी गाडी तिथंच थांबलेली असते. घास अडकण्याची भीती खोटी नाही. पण ती चुकीच्या पदार्थांवर खर्च होते, असं माझं स्पष्ट मत आहे. मऊ भातापासून बाळाला जपलं जातं आणि त्याच अंगणात फुटाणे, शेंगदाणे खुशाल सांडलेले असतात.

दूध ओढणं बाळ जन्मतःच जाणतं, चावणं मात्र त्याला शिकावं लागतं. तोंडात आलेली वस्तू जिभेनं बाहेर ढकलण्याची सवय साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ओसरते. त्यानंतर जीभ घास बाजूला नेऊन हिरड्यांखाली धरायला शिकते, आणि हे शिक्षण घासावरच होतं, पाण्यावर नाही. ब्रिटनमधल्या एव्हन भागात 1991-92 च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीत दिसलं, की ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न दहा महिन्यांनंतर मिळालं, ती पंधराव्या महिन्यात भरवायला जास्त अवघड होती. आता कोणी म्हणेल, मुळात ती मुलंच किरकिरी असतील, म्हणून त्यांना उशिरा दिलं असेल. शंका रास्त आहे. नुसत्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण पोटाचा हिशेब तर कुणाला चुकत नाही ना? या वयात पोटात एका वेळी वजनाच्या किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर मावतं. सात किलोच्या बाळाचं पोट वाटीभर वरणाच्या पाण्यानं भरतं आणि त्या वाटीत डाळ जवळपास नसतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम 11 टक्के निघाली. त्याला गरिबी कारण आहेच, पण हे पाणीही आहे. म्हणून चमचा तिरका केला तरी घरंगळणार नाही इतका घट्ट मऊ भात-वरण सहाव्या महिन्यापासून द्यावा. आठव्या-नवव्या महिन्यात मिक्सर बाजूला ठेवून तोच भात बोटांनी कुस्करावा, मग वरणात भिजवलेली ज्वारीची भाकर. वर चमचाभर तेल किंवा तूप.

दात नाहीत, मग चावणार कशानं, असं आजी विचारते. मऊ अन्नाला हिरड्या पुरतात. बाळ ओकारी देतं हा दुसरा आक्षेप, आणि इथंच बहुतेक घरं माघार घेतात. ओकारीत आवाज असतो, चेहरा लाल होतो, घास पुढे येतो; ते शरीराचं संरक्षण आहे. अडकतं तेव्हा आवाजच बंद होतो: रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडतात. तशा वेळी वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मधोमध पाठीवर 5 थापा द्याव्यात, मग उताणं करून छातीच्या मध्यावर 5 दाब. 108 ला फोन दुसऱ्यानं करावा. न दिसणारा घास बोटानं शोधू नये, तो आणखी आत जातो. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो: वेचणीच्या दिवसांत आई वावरात असते, बाळ आजीजवळ, आणि भरवायला वेळ कुणाला? पण वेळ नाही म्हणून मांडीवर आडवं करून, नाक दाबून ओतलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. बसवून दिलेले चार घास त्यापेक्षा बरे. फुटाणे, अख्खे शेंगदाणे, बोरं मात्र लहान मुलांच्या हाताशी ठेवूच नयेत.

काही बाळांचा त्रास सवयीचा नसतो, गिळण्याचाच असतो. जवळजवळ प्रत्येक जेवणात ठसका, जेवल्यावर घशात घरघर, नाकातून दूध येणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, अर्धा तास लावूनही न संपणारं जेवण, न वाढणारं वजन, अशा खुणा दिसल्या की पातळ करत जाण्याचा घरगुती उपाय उलट घातक ठरू शकतो. पाणी घशात सगळ्यांत वेगानं उतरतं. ज्याचं गिळणं कच्चं आहे त्याला तेच सावरत नाही. किती घट्ट, किती पातळ हे तिथं तज्ज्ञानंच ठरवावं. आशाताई नवव्या महिन्यात घरी येतात तेव्हा वजनाबरोबर हेही सांगावं; राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणी करतं आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवर पाठवतं. जाताना मोबाइलवर एका जेवणाचं चित्रण करून न्यावं. दवाखान्यात बाळ हमखास रडतं, खात नाही, आणि ठसका पाण्याला येतो की घासाला, हे डॉक्टरांना त्या चित्रणातूनच कळतं.