अझेलियाचे बोन्साय : कात्रीआधी मुळे, मुळांआधी पाणी

अझेलिया हे ऱ्होडोडेंड्रॉन वंशातले झुडूप आहे. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला स्वतंत्र वंशाचे स्थान दिले होते. आता ते ऱ्होडोडेंड्रॉनमध्येच धरले जाते. बोन्सायसाठी सर्वाधिक नावाजलेला गट म्हणजे जपानची सात्सुकी अझेलिया. सात्सुकी म्हणजे जुन्या जपानी पंचांगातला पाचवा महिना, या गटाच्या बहराचा काळ. तिथे या झाडांचा अभ्यास जुना आहे. इतो इहेई या माळ्याने १६९२ मध्येच अझेलियाच्या शेकडो वाणांची सचित्र नोंद ‘किन्शू माकुरा’ या ग्रंथात केली. तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहराच्या परिसरात हलकी, पिवळसर, आम्लधर्मी ज्वालामुखी माती मिळते. ‘कानुमा’ याच नावाने ती जगभर विकली जाते आणि सात्सुकी तिच्यातच वाढवतात.

आपल्याकडच्या नर्सरीत आणि प्रदर्शनांत ‘अझेलिया बोन्साय’ म्हणून मिळणारे रोप बहुधा सात्सुकी नसते. ते ऱ्होडोडेंड्रॉन सिम्सिआय या मूळच्या चिनी जातीपासून युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, तयार झालेल्या संकरांपैकी असते. खोलीत ठेवून फुले पाहण्यासाठी हे संकर निवडले गेले आहेत. कुंडी लवकर भरगच्च दिसावी म्हणून व्यापारी लागवडीत एका कुंडीत तीन-चार छाट एकत्र लावण्याची पद्धत आहे. शोभेच्या कुंडीसाठी त्यात गैर काही नाही. तीच कुंडी उथळ भांड्यात रिकामी करून, वर खडे आणि शेवाळ लावून, ‘तयार बोन्साय’ म्हणून विकली जाते तेव्हा मात्र ती ग्राहकाची फसवणूक ठरते.

प्रस्तुत लेखिकेच्या वाट्याला असेच रोप आले. पुण्यातल्या एका प्रदर्शनातून जानेवारीत, गुलाबी फुलांनी डवरलेले, २,८०० रुपयांना. सोबतच्या छापील चिठ्ठीवर आठवड्यातून दोनदा कपभर पाणी घालण्याची सूचना होती. कोणते पाणी, हे विचारल्यावर विक्रेत्याचे उत्तर होते, ‘कुठलेही चालते, पिण्याचे असले की झाले.’ मार्चमध्ये नवी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. एप्रिलमध्ये शेंड्याच्या काड्या वाळल्या. फोन केल्यावर ‘पाणी जास्त झाले असेल’ असे सांगण्यात आले, म्हणून पाणी कमी केले. मे महिन्यात अर्धे झाड करपले. घरच्यांचा निष्कर्ष असा की, ‘तुझा हात लागत नाही.’ ज्या बाल्कनीत बावीस वर्षे तुळस, अबोली आणि जास्वंद फुलत आली आहे, तिथे हा निष्कर्ष विशेष लागतो.

मे महिन्यात एका सकाळी कुंडीच्या तोंडावरचे खडे काढायला घेतल्यावर खरा प्रकार उघड झाला. खडे मोकळे नव्हते, गोंदासारख्या पदार्थाने एकमेकांना चिकटवून त्यांचे झाकण केलेले होते. घातलेले पाणी त्या झाकणावरून कडेला जात होते आणि कडेने खाली उतरून छिद्रातून बाहेर पडत होते. बाहेरून पाहणाऱ्याला झाड भिजल्यासारखे वाटे. आतला मुळांचा गोळा मात्र विटेसारखा कोरडा निघाला. तो बादलीत बुडवला तर प्रथम तरंगला. तासाभराने पाणी पिऊन खाली बसला आणि अलगद सुटला. पाण्यात चार वेगवेगळे छाट होते, प्रत्येक पेन्सिलीपेक्षा बारीक. मातीखाली दोन बोटांवर त्यांना प्लास्टिकचे वेष्टन असलेल्या तारेने एकत्र आवळलेले होते. वरून जे पीळदार, जुने खोड दिसत होते, ते खोड नव्हतेच. चारपैकी तीन छाट मेलेले होते आणि तार चौथ्याच्या सालीत रुतलेली होती.

छायाचित्रे पाठवल्यावर विक्रेत्याचे उत्तर तीन टप्प्यांत आले. आधी ‘पुण्याची हवा मानवली नाही’, मग ‘सगळे असेच विकतात’ आणि शेवटी पुढच्या खरेदीवर निम्मी सवलत. चार महिन्यांत ‘चुकले’ हा शब्द एकदाही आला नाही. रोप जगवण्यात ग्राहकाच्या चुका होतात हे खरे, आणि पाण्याबाबत इथेही एक झाली. ती पुढे सांगितली आहे. पण तारेने आवळलेल्या छाटांना पाण्याची कोणतीही शिस्त एका खोडाचे झाड करू शकत नाही.

म्हणून पहिला नियम खरेदीचा. रोप कुंडीतून थोडे उचलून पाहू द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून ते घेऊ नये. वरचे खडे बोटाने हलवून पाहावेत. हलत नसतील तर तिथेच थांबावे. माती बोटभर बाजूला करून खोड कुठे सुरू होते ते पाहावे. एकच खोड, बुंध्याशी जाड आणि वर निमुळते होत जाणारे, चहूबाजूंनी मुळे पसरलेले, असे रोप साध्या काळ्या पिशवीत असले तरी चांगले. फुलांवर भाळू नये. शिकण्यासाठी घ्यायचे रोप दोन-तीनशे रुपयांचे, बिनफुलांचे आणि बुंध्याला दणकट असावे. उथळ बोन्साय-कुंडीत अझेलियाचे खोड जाड होणे जवळजवळ थांबते. म्हणून बुंधा हवा तेवढा होईपर्यंत रोप खोल कुंडीत किंवा पेटीत वाढवणे इष्ट.

दुसरा नियम पाण्याचा. या झाडाचे जगणे-मरणे कात्रीपेक्षा पाण्यावर अवलंबून असते. अझेलियाची मुळे केसासारखी बारीक असतात आणि इतर झाडांच्या मुळांवर असतात तसे मूलरोम त्यांना नसतात. त्यांना आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण ४.५ ते ६. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट आणि चुना भरपूर असतो. असे पाणी रोज घातले की मातीचा सामू हळूहळू चढतो. चढलेल्या सामूत लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खताची कमतरता समजून खत वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

झालेली चूक अशी : काटकसर म्हणून आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडाला घातले जात होते. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांत हे पाणी बादलीत साठवून कुंड्यांना घालतात. जास्वंदीला ते चालून जाते. अझेलियाला ते घालू नये, कारण मूळ पाण्यातले क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात अधिक दाट होऊन उतरलेले असतात. यंत्रातून पिण्यासाठी निघणारे पाणी मात्र चालते. सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. जून ते सप्टेंबरात वीस-वीस लिटरच्या कॅनमध्ये ते भरून, डास होऊ नयेत म्हणून झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवावे. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी उपयोगी पडते, त्यात चुना नसतो. नाइलाजाने बोअरचेच पाणी वापरावे लागले तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व चिमटी-चिमटीने विरघळवून, सामू मोजण्याच्या कागदी पट्टीवर ५.५ ते ६ येईपर्यंत ते दुरुस्त करावे. पट्टीशिवाय अंदाजाने आम्ल घालू नये.

पाणी किती, याचे उत्तर वारावर ठरत नाही. बांबूची काडी मातीत खोचून ठेवावी आणि रोज उपसून पाहावी. काडी ओलसर गार लागली तर थांबावे, कोरडेपणाकडे झुकली तर छिद्रातून वाहेपर्यंत पाणी घालावे. गोळा एकदा पूर्ण वाळला की तो वरून घातलेले पाणी घेत नाही. तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावी.

मातीबाबत सांगायचे तर, बोन्सायसाठी आपल्याकडे सर्रास सुचवले जाणारे मिश्रण म्हणजे माती, विटांचा चुरा, शेणखत आणि हाडांचा चुरा. वड-पिंपळाला ते मानवते, अझेलियाला मानवत नाही. हाडांच्या चुऱ्यात कॅल्शियम असते. ते इथे नको. अंड्याची टरफले आणि चुलीची राख हे घरगुती उपायही याच कारणाने टाळावेत. काळी माती तर अजिबात नको. कानुमा आयात केलेली आणि महाग असते. तिच्याऐवजी दोन-तीनदा धुऊन क्षार काढलेले कोकोपीट, पाइनच्या सालीचे बारीक तुकडे आणि पर्लाइट समभाग घेऊन काम भागते. खत आम्लधर्मी, सौम्य आणि वाढीच्या काळातच द्यावे. पाने पिवळी पडलीच तर साध्या हिराकशीपेक्षा चिलेटेड लोह बरे. त्यातही ईडीडीएचए प्रकारचे, कारण चढ्या सामूतही ते टिकते.

मुळांचे काम फुले संपल्यावर किंवा पाऊस सुरू झाल्यावर करावे, कारण हवेतला ओलावा तेव्हा झाडाच्या मदतीला असतो. एप्रिल-मेच्या झळांत करू नये. नर्सरीची जुनी, घट्ट माती एकदम सगळी काढण्यापेक्षा यंदा गोळ्याच्या एका बाजूची आणि दोन वर्षांनी दुसऱ्या बाजूची काढणे नवशिक्याला सुरक्षित. मुळे ओढू नयेत. काडीने हलकेच उकलून धारदार कात्रीने कापावीत. काम झाल्यावर झाड कुंडीला तारेने बांधून स्थिर करावे, म्हणजे नवी मुळे हलून तुटत नाहीत.

छाटणीत अझेलिया बहुतेक झाडांच्या उलट वागते. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो, अझेलियाचा बुंध्याकडे. नेहमीच्या सवयीने शेंडा कडक छाटून खालच्या फांद्या मोकळ्या सोडल्या तर दोन वर्षांत खालच्या फांद्या जाडजूड होतात आणि शेंडा मरतो. म्हणून खाली कडक आणि वर हलक्या हाताने छाटावे. बुंध्यातून निघणारे फुटवे दिसताच खुडावेत. दिलासा असा की जुन्या उघड्या लाकडावरही नवे डोळे सहज फुटतात, त्यामुळे छाटणीतली चूक सहसा भरून येते. फूल गेलेल्या टोकाशी तीन-पाच फुटवे एकत्र येतात. त्यांतले दोन ठेवून बाकी काढावेत. बहर संपताच छाटणी उरकावी. पुढच्या वर्षीच्या कळ्या नंतर वाढलेल्या फुटव्यांच्या टोकांवर धरतात. उशिरा कात्री चालवली तर त्याच कळ्या कापल्या जातात. सुकलेली फुले बीजकोशासकट खुडावीत. रोप अशक्त असेल तर त्या वर्षीच्या कळ्या काढून टाकाव्यात.

तार लावताना घाई करू नये. लाकूड ठिसूळ असते आणि फांदी खोडापासून बेचक्यात चिरते. वाकवण्याच्या आदल्या दिवशी पाणी कमी दिले तर फांदी थोडी लवचीक होते. तार ॲल्युमिनियमची असावी आणि दर पंधरा दिवसांनी तपासावी, कारण साल पातळ असल्याने ती लवकर रुतते.

हे झाड घरातले नाही. पूर्वेची बाल्कनी, सकाळी दहापर्यंतचे ऊन आणि नंतर हिरव्या जाळीची सावली त्याला मानवते. पारा ३८ अंशांपुढे जातो तेव्हा कुंडी तापलेल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी. सिम्सिआय गटातल्या पुष्कळ वाणांच्या कळ्या भरल्यावर उमलण्यासाठी काही आठवडे दहा अंशांच्या आतली थंडी लागते. उत्पादक ती शीतगृहात देतात, म्हणून प्रदर्शनातले झाड लदलेले दिसते. पुण्याच्या थंडीत दुसऱ्या वर्षी फुले कमी येणे हा निगेतला दोष नव्हे, हे विक्रेत्याने सांगायला हवे.

कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पाने राखट दिसू लागली की पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी. मुळे कुजणे निचऱ्याच्या अभावाने होते. पाने, फुले आणि त्यांतला मधही विषारी असतो. लहान मुले, कुत्री, मांजरे यांच्या आवाक्यात कुंडी ठेवू नये. ही सूचनाही त्या छापील चिठ्ठीवर नव्हती.

वाचलेला चौथा छाट तारेतून सोडवून कोकोपीटच्या मिश्रणात खोल कुंडीत लावला गेला आणि त्या पावसाळ्यापासून त्याला फक्त पावसाचे, नंतर एसीचे पाणी मिळाले. सप्टेंबरात त्याची नवी पाने गर्द हिरवी निघाली. माणूस तोच होता आणि बाल्कनीही तीच. तीन वर्षांनी त्याचा बुंधा करंगळीएवढा झाला आहे. उथळ कुंडीत जाण्याजोगा व्हायला त्याला अजून निदान पाच वर्षे लागतील.