सटीप संदर्भसूची : वारणा परिसरातील एक उदाहरण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधनाची तरतूद आहे. त्यामुळे संदर्भसूचीचे महत्त्व ग्रामीण महाविद्यालयांतूनही वाढणार आहे. पुष्कळदा ही सूची प्रबंध लिहून झाल्यावर, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या प्रबंधातून उतरवून जोडली जाते. सटीप संदर्भसूची मात्र लेखनापूर्वी करावयाची असते. तीत प्रत्येक नोंदीखाली चार-सहा वाक्यांची टीप असते. न वाचलेल्या ग्रंथावर अशी टीप लिहिणे कठीण, आणि लिहिलीच तर ती चटकन उघडी पडते.

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीलगत वारणानगर येथे १९६४ पासून महाविद्यालय आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने 'ऊस उत्पादकांपर्यंत माहिती पोहोचविण्याची साधने' हा विषय घेतला, असे समजू. या परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी संकुल यांनी हाती घेतली. तिच्यासंबंधीची त्या काळातील कागदपत्रे वाचली की सर्व काही साध्य झाले, असा ग्रह होतो. म्हणून टीपेत स्पष्ट लिहावे : "यात योजनेची उद्दिष्टे आहेत, परिणामांची मोजणी नाही."

याच परिसरात पुढे संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश वापरून पाहण्यात आले. वीरराघवन, यशोधर व टोयामा यांनी २००७ मध्ये मांडलेल्या या अभ्यासावरील टीप अशी होईल : "सात गावांत आठ महिने प्रयोग. संगणकावर होणारी कामे लघुसंदेशांद्वारे कमी खर्चात झाली व शेतकऱ्यांना ती पद्धत अधिक सोयीची वाटली, असा निष्कर्ष. प्रयोग करणारे व त्याचे मूल्यमापन करणारे एकच. ते ज्या संस्थेतील, ती संगणक क्षेत्रातील कंपनीची. गावे थोडी असल्याने निष्कर्ष सर्व परिसरास लावता येणार नाही. खर्चाच्या तुलनेसाठी उपयुक्त." ग्रंथात काय आहे, ते कशाच्या आधारे सांगितले आहे आणि आपल्या प्रश्नास त्याचा उपयोग किती, या तिन्ही गोष्टी एवढ्यात येतात. नुसता सारांश म्हणजे टीप नव्हे. शिक्षकांनीही सूची तपासताना पृष्ठसंख्या मोजण्यापेक्षा हे पाहणे बरे.

जुन्या साधनांबाबत काळाचे भान हवे. कोल्हापूरचे गॅझेटियर १८८६ चे. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. तेव्हा त्यात सहकार शोधणे व्यर्थ, मात्र त्यापूर्वीच्या शेतीसाठी ते अवश्य पाहावे. १९६० चे जिल्हा गॅझेटियर ही निराळी नोंद आहे. दोहोंची सरमिसळ करू नये. १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी ठेवावी. कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आहेच.

ग्रामपंचायतीची इतिवृत्ते, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल यांसारखी साधने मात्र कोणत्याही छापील सूचीत सहसा सापडत नाहीत. त्यांच्या टीपेत कागद कोणत्या कार्यालयात, कोणत्या वर्षांचे व कोणत्या स्थितीत पाहिले आणि मधली कोणती वर्षे मिळाली नाहीत, याची नोंद असावी. ग्रामपंचायतीने अशा सूचीची एक प्रत मागून घेऊन दप्तरी ठेवावी. आपल्याकडील कोणते दप्तर गहाळ आहे, हे कित्येकदा तिलाही त्यावरूनच कळेल.