नॅचरल वाइन आणि व्हीगन वाइन : आधी कुठली करायची?

बारामती-इंदापूरकडे द्राक्षबागा आहेत, जवळच रोटीला फोर सीझन्सची वायनरी उभी राहिली. त्यामुळे वाइनमध्ये उतरू पाहणारे विचारतात, "सर, नॅचरल म्हणजे व्हीगनच ना?" तसं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

१) आंबवताना काय घातलं? नॅचरल वाइन द्राक्षाच्या सालीवरच्या आणि वायनरीतल्याच यीस्टवर आंबते. सल्फाइट घालतच नाहीत, किंवा अगदी थोडं घालतात.

२) निवळली कशाने? अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन, माशापासूनचं आयसिंग्लास हे सगळं वापरतात. ते गाळाबरोबर निघून जातं, तरी व्हीगन ग्राहकाला चालत नाही. बेंटोनाइट माती चालते. गाळ आपोआप बसू दिला तरी चालतं.

आता धंद्याचा हिशोब बघा. व्हीगन व्हायला निवळायचा पदार्थ बदलायचा. नॅचरलला मात्र जोखीम मोठी. आपल्याकडच्या उन्हात द्राक्षाची आंबटाई लवकर उतरते, आणि सल्फाइटही नसेल तर वाइन बिघडायला वेळ लागत नाही. तोडणी पहाटे, कुजके मणी बाहेर, टाकी थंड आणि स्वच्छ, यात कुठे चुकलं की टाकीभर माल आणि भांडवल गेलं.

म्हणून पहिल्या वर्षी व्हीगन करा आणि नॅचरलचा प्रयोग एका छोट्या टाकीत. व्हीगन अन्नासाठी एफएसएसएआयचे २०२२ चे नियम आहेत. लोगो मंजुरीशिवाय छापू नका.

आजचा गृहपाठ : वायनरीला विचारा, "निवळायला काय वापरता?" उत्तर लेखी घ्या.