इंग्रजी शब्दांचीं मुळें

कोशांतील कठीण इंग्रजी शब्द वहींत उतरून घेऊन पाठ करण्याची विद्यार्थ्यांत फार चाल आहे. असे शब्द परीक्षेपर्यंत टिकले तरी निबंधांत भलत्याच जागीं येऊन बसतात. त्यापेक्षां संस्कृतांत आपण करितों तेंच येथें करावें. 'हृ' धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, संहार होतात, हें कोणास सांगावयास नको. लॅटिनमधील 'फेर्रे', म्हणजे वाहून नेणें, ह्याचेंही तसेंच आहे. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, म्हणून ट्रान्स्फर. 'इन' म्हणजे आंत, म्हणून इन्फर, पुराव्यांतून अनुमान काढणें. 'सफरिंग' ह्यांतील पहिला अंश मूळचा 'सब', म्हणजे खालीं. भाराखालीं राहून तो वाहणें, तेंच सोसणें! आणि हा धातु आपल्या 'भृ' धातूचा सगोत्र होय. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास १७८६ सालींच म्हटलें होतें.

मात्र धातु कळला म्हणजे शब्द वापरतां आला, असें नव्हे. बोलणारा सुचवितो तें इम्प्लाय, ऐकणारा ताडतो तें इन्फर. हा भेद चांगल्या ग्रंथांतील वाक्येंच शिकवितात. यास्तव शब्द ज्या वाक्यांत भेटला तें वाक्यही वहींत असावें. पालकांस इंग्रजी येत नसल्यास त्यांनीं त्या वाक्याचा अर्थ मुलाकडून मराठींत वदवून घ्यावा.